ॲडव्हान्स्ड नावाचं पान

त्या दिवसांत माझ्याकडे मोजून नऊ शब्द होते. हो, नाही, पाणी, चहा, बस, नको, इकडे, दुखतंय आणि मेल्या. शेवटचा शब्द मला कोणी शिकवला नव्हता. तो आपणहून परत आला होता आणि सगळ्यांत स्वच्छ यायचा. बाकीचे आठ ओढून काढावे लागायचे.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. फराळाचे डबे घासून पालथे घालत असताना माझ्या मेंदूत एक गुठळी अडकली आणि मी ओट्याशी खाली बसले ती तिथेच राहिले. पाय लवकर आला. उजवा हात निम्माशिम्मा आला. वाचा आली नाही. इथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते, कारण तेव्हा ती कोणालाच सांगता येत नव्हती: माझं डोकं ठिकाणावर होतं. मला सगळं कळत होतं. पेपर वाचत होते, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर चरफडत होते, डाव्या हाताने वेडंवाकडं लिहीतही होते. वाक्य आत तयार असायचं, स्वल्पविरामासकट. ते तोंडात कसं वळवायचं एवढंच जीभ आणि ओठ विसरले होते.

लोकांना हे पटत नाही. बोलत नाही म्हणजे समजत नाही, असं त्यांनी धरून टाकलेलं असतं. भेटायला येणारी माणसं माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्याने बोलायची आणि माझ्यादेखत नवऱ्याला विचारायची, "जेवतात का नीट?" माघी गणपतीत सोसायटीच्या मांडवात मला खुर्चीवर बसवलं होतं. आरती सुरू झाली आणि मी ती पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खणखणीत म्हटली. पाठ असलेलं, सुरात असलेलं तोंडातून आपोआप जातं, त्याची वाट वेगळी असते, हे मला नंतर कळलं. मांडवातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. "बोलतात की! उगाच काय तरी!" त्यानंतर मला नवऱ्याला फक्त "घरी चल" म्हणायचं होतं. पाच मिनिटं प्रयत्न केला आणि शेवटी त्याचा सदरा ओढला.

आणि हे कोणाच्या नशिबी यावं? ठाकुर्लीच्या एका गॅस एजन्सीत सव्वीस वर्षं मी तक्रारींच्या फोनवर होते. सिलिंडर आला नाही, रेग्युलेटर गळतो, माणूस वरच्या मजल्यावर चढत नाही, सगळं माझ्या कानात. "गाडी निघालीय", "तुमच्याच गल्लीत आहे", "साहेब आत्ताच जेवायला बसले" ही वाक्यं मी झोपेतही बोलू शकले असते. तापलेल्या माणसाला दोन मिनिटांत गार करून फोन ठेवायला लावायचा, हे माझं काम. जिभेवर जगलेली बाई मी. त्या जिभेने दगा दिला तेव्हा मला दुःख कमी आणि राग जास्त आला, आणि तो राग मी आजही सोडलेला नाही.

माझ्या बोलण्यावर उपचार करणारी मुलगी ठाण्याची. नौपाड्यात तिचं क्लिनिक. मुलगी म्हणते, पण चाळिशीला आलेली, कामाला वाघ. पहिल्या महिन्यात आम्ही गाडी करून तिच्याकडे गेलो. शीळफाट्याच्या गर्दीतून ठाण्याला पोचेपर्यंत मी इतकी दमायचे की तिच्यासमोर बसल्यावर "हो"सुद्धा निघत नसे. म्हणून तिनेच ऑनलाइनचं सुचवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी सात वाजता. तेवढीच वेळ तिच्याकडे मोकळी होती.

तिची रीत साधी होती. "काकू, माझ्या ओठांकडे बघा. माझ्यामागून नाही, माझ्याबरोबर म्हणा." ती आणि मी एकाच वेळी तोंड उघडायचं, एकाच वेळी ओठ मिटायचे. तिच्या ओठांवर माझे ओठ चालायचे. ऐकून, मग आठवून, मग म्हणून ते होत नाही. बघता बघताच व्हावं लागतं. सकाळच्या वेळी चाचणी म्हणून दोनदा केलं तेव्हा झकास झालं होतं. सातला मात्र आमच्या टॅबवर तिचा चेहरा थिजायचा. तोंड अर्धवट उघडं आणि आवाज तीन अक्षरं पुढे गेलेला. तिच्या ओठांवर "प" आणि माझ्या कानात "ऊस". माझी जीभ बिचकायची, मागे सरायची आणि मग त्या दिवशी काहीच यायचं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शुक्रवारी ती म्हणाली, "काकू, खरं सांगते. असं तुटक करून उलट तुम्हाला चुकीची सवय लागेल. हे पहिले महिने महत्त्वाचे असतात, ते परत मिळत नाहीत. ही सातची वेळ मागणारे अजून पेशंट आहेत. तीन आठवडे बघू. नाहीच सुधारलं तर ऑनलाइन थांबवू आणि महिन्यातून एकदा इथे या." तिचं चुकलं नव्हतं. पण महिन्यातून एकदा म्हणजे काय, ते तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं. मी नऊ शब्दांवर राहणार होते.

माझा नवरा भला माणूस आहे. एका औषध कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाला. आयुष्यात कोणाशी भांडला नाही. "जाऊ दे" हे त्याचं पहिलं आणि शेवटचं मत. त्या शुक्रवारी टॅब बंद केल्यावर तो माझ्याजवळ बसला आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "एवढं मनाला लावून घेऊ नकोस गं. पाणी म्हणतेस, चहा म्हणतेस. बाकीचं बोलायला मी आहे ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी त्याचा हात झटकला. आयुष्यभर दुकानदारापासून लेकाच्या मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांशी मी बोलले, कारण ह्याच्या तोंडून शब्द फुटत नसे. आणि आता माझं बोलणं हा बोलणार? मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं: केबलवाल्याला बोलव.

आमच्याकडे इंटरनेट देणाऱ्याला सगळे अजून केबलवालाच म्हणतात. आधी तो टीव्हीची केबल द्यायचा. आता अख्ख्या गल्लीला त्याचंच नेट. माणूस वाईट नाही. सोसायटीच्या पूजेला स्पीकर आणून देतो, कोणाच्या घरी काही झालं तर हजर. पण नवऱ्याने त्याला फोन कसा केला, तर, "तुमचं काम चालू असेल, घाई नाही, या बाजूला आलात तर सवडीने जरा डोकावाल का?" मी समोर बसून दात-ओठ खात होते. असे फोन मी सव्वीस वर्षं घेतले होते. असा फोन आला की मी तो कागद गठ्ठ्याच्या तळाला ठेवायचे.

तो आला सकाळी दहाला. मोबाइल काढला, काही तरी मोजलं आणि नवऱ्याला दाखवलं. "काका, हे बघा. फुल्ल स्पीड. लाइन एकदम ओके आहे. टॅब जुना असेल काकूंचा." मी वहीत लिहून त्याच्यापुढे धरलं: सकाळी नाही, संध्याकाळी सातला अडकतं. सातला या. त्याने वाचलं, गोड हसला, "हो हो काकू, तुम्ही आराम करा," म्हणाला आणि वही माझ्या हातात न देता नवऱ्याच्या हातात दिली.

ते वही देणं मला जिव्हारी लागलं. त्याच दिवशी मी ठरवलं की हे प्रकरण आता माझं.

तक्रारीला वेळ असते आणि पत्ता असतो, हे मला एजन्सीने शिकवलं होतं. एका गल्लीतून एकाच वारी पाच फोन आले की सिलिंडरला दोष द्यायचा नाही, त्या वाराच्या गाडीवर कोण आहे ते बघायचं. मी चार दिवस टॅब घेऊन बसले आणि कधी अडकतंय ते लिहीत गेले. सकाळी नाही. दुपारी नाही. साडेसहापासून सुरू, साडेनऊपर्यंत कायम. म्हणजे बिल्डिंग घरी परतली, टीव्ही लागले, पोरं मोबाइलवर बसली की माझं तोंड बंद. मग शोधत शोधत मला एक ॲप सापडलं. आसपास कोणाकोणाचं वाय-फाय आहे आणि ते कुठे चालू आहे, याचं ते चित्र काढतं. प्रत्येकाचा एक डोंगर. खाली एकपासून तेरापर्यंत आकडे.

आमच्याकडे एकोणीस डोंगर दिसले. एकोणीसच्या एकोणीस अकरा आकड्यावर. एकावर एक, एकात एक. डावीकडची सगळी जागा मैदानासारखी रिकामी.

हे आकडे म्हणजे चॅनेल. आठवडाभर वाचून मला जे समजलं ते असं. समजा एका हॉलमध्ये तेरा खोल्या केल्यात, पण मधल्या भिंती कापडाच्या आहेत. एका खोलीत बोललेलं आजूबाजूच्या तीन-चार खोल्यांत ऐकू जातं. म्हणून शहाणी माणसं पहिली, सहावी आणि अकरावी अशा लांबलांबच्या खोल्या धरतात. आमच्या एकोणीस घरांना मात्र कोणीतरी एकाच खोलीत कोंबलं होतं, आणि सात वाजता सगळे एकदम बोलायला लागत होते. त्यात माझी ठाण्याची मुलगी "पाऊस" म्हणत होती. तिचं कोण ऐकणार?

राउटर टीव्हीच्या वर, गणपतीच्या तसबिरीखाली लावलेला. स्टुलावर चढायची मला बंदी होती, तरी चढले आणि तो उतरवून मांडीवर घेतला. खालच्या बाजूला एक चिकटपट्टी, तिच्यावर आत शिरायचा पत्ता आणि पासवर्ड. नेमका त्या पासवर्डवर कुंकवाचा वाळलेला टिळा. तो मी नखाने खरवडला, भिंग लावून अक्षरं टिपली आणि डाव्या हाताच्या एका बोटाने टॅबवर टाकली. पान उघडलं. केबलवाल्याने पासवर्ड कधी बदललाच नव्हता. डोंबिवलीत आपल्या राउटरच्या पोटात कोण डोकावणार, असं त्याला वाटलं असावं.

पहिलं पान बेसिक. त्यात नाव आणि पासवर्ड, नवऱ्यालाही कळेल असं. दुसरं ॲडव्हान्स्ड. तिथे बोट लावलं तर इशारा आला की हे बदल फक्त जाणकारांनी करावेत, नाहीतर जोडणी तुटू शकेल. मी तो दोनदा वाचला आणि पुढे गेले. माझी जोडणी आधीच तुटली होती, मला कसली भीती घालतोस?

आत चॅनेल होतं, त्याची रुंदी होती, किती जोराने ओरडायचं ती ताकद होती. आणि बीकन म्हणून एक प्रकार होता. ते शोधून वाचलं तेव्हा मी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. हे यंत्र म्हणे सेकंदाला दहा वेळा आजूबाजूला सांगत असतं की मी इथे आहे, मी इथे आहे. कोणी विचारो न विचारो. मला त्या डबड्याचा हेवा वाटला.

चार दिवस मी रोज दुपारी ते पान उघडायचे, एकेक शब्द वाचायचे आणि बंद करायचे. मला तिथे बरं वाटत होतं, हे कबूल करते. त्या पानाने माझं वाक्य पुरं करायची घाई केली नाही. मोठ्याने बोललं नाही. कीव केली नाही. चुकीचं टाकलं तर चुकलं म्हणून सांगितलं, बरोबर टाकलं तर ऐकलं. दिवाळीपासून माझ्याशी इतक्या सरळपणे कोणी वागलं नव्हतं.

पाचव्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी अकरा खोडून एक टाकला, रुंदी कमीत कमी ठेवली आणि सेव्हवर बोट दाबलं. राउटरचे सगळे दिवे गेले. मग एकेक करून परत आले.

त्या बुधवारी सात वाजता ठाण्याची मुलगी चाळीस मिनिटं माझ्यासमोर अखंड होती. एकदाही थिजली नाही. तिचा ओठ मिटला की माझा मिटत होता. आम्ही "पाऊस" म्हटला, "बाजार" म्हटला, आणि "भाकरी"ची तर मी तीनदा मजा घेतली. ती म्हणाली, "काकू, काय जादू केलीत?" मी डाव्या हाताचं एक बोट वर केलं. तिला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

शुक्रवारी पुन्हा सगळं ठप्प.

मी पान उघडलं तर चॅनेलच्या पुढे अकरा. मला वाटलं माझ्याच हातून काही राहिलं. परत एक केला. शनिवारी सकाळी बघते तो अकरा. परत एक केला. दुपारी अकरा. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पलीकडे कोणीतरी आहे. केबलवाल्याच्या ऑफिसातून सगळ्यांच्या राउटरमध्ये एकदम सेटिंग ढकलता येत होती आणि माझा एक दिसला की तिथून अकरा येत होता. गंमत अशी की मला राग आलाच, पण मजाही वाटली. कित्येक दिवसांनी मी कोणाशी तरी भांडत होते, आणि तेही न बोलता. रविवारी दिवसभरात आमचं पाच वेळा झालं. सोमवारी पासवर्ड चालेना. त्याने तो बदलला होता. संध्याकाळचं सत्र पुन्हा वाया गेलं, आणि तीन आठवड्यांतले आता शुक्रवारपर्यंतचेच दिवस राहिले.

मंगळवारी नवऱ्याला फोन आला. मी समोरच होते, त्या बाजूचा आवाज मला ऐकू येत होता. "काका, तुमच्याकडे कोणीतरी सेटिंगला हात लावतंय. असं केलं तर मग मी जबाबदार नाही हां." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवून हो म्हटलं, मीच. लपवायचं काय त्यात?

"कशाला गं?" फोन ठेवून तो म्हणाला. "उद्या रागाने लाइन काढून नेली म्हणजे? मग ती चाळीस मिनिटंही गेली."

मी वहीत लिहिलं: ती चाळीस मिनिटं माझी आहेत.

"अगं पण त्याला कळतं त्यातलं. आपल्याला काय कळतं?"

मी लिहिलं: आपल्याला नाही. तुला. मला कळतं.

तो दुखावला. गुपचूप पिशवी घेऊन भाजीला निघून गेला. मला वाईट वाटलं, पण लिहिलेलं मी खोडलं नाही.

तो गेल्यावर मी राउटर परत मांडीवर घेतला. मागे एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं की यंत्र कारखान्यातून आलं तसं कोरं होतं. मंगळसूत्राला अडकवलेली सेफ्टी पिन काढली आणि दाबलं. केबलवाल्याचा पासवर्ड गेला. त्याचा अकरा गेला. मी विजयाने पान उघडलं, एक टाकला, माझा स्वतःचा नवा पासवर्ड टाकला, आणि मग पाहिलं तर इंटरनेटचा दिवा लाल. आमच्या घरची जोडणी ज्या नावाने आणि खुणेने चालते, ती नोंदही त्या डब्यात होती आणि मी तीही पुसली होती. ती केबलवाल्याखेरीज कोणाकडे नव्हती. चूक सर्वस्वी माझी. आठवडाभर वाचून एवढं एक पान मी वाचलं नव्हतं.

बुधवारचं सत्र झालंच नाही. नवऱ्याने ठाण्याला फोन करून सांगितलं, मग केबलवाल्याला तीनदा फोन केले, तिसऱ्यात तर विनवण्या केल्या. मी ऐकत होते आणि मला स्वतःचाच इतका संताप आला की जेवले नाही. रडलेसुद्धा. पण एक सांगते, पिन उचलल्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही.

तो शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला आला. हातात हेल्मेट, कपाळावर आठ्या. चपला काढून थेट नवऱ्यासमोर उभा राहिला. मी दोघांच्या मध्ये खुर्चीवर, राउटर मांडीत.

"काका, मी सांगितलेलं ना हात लावू नका म्हणून? आता सगळं परत टाकायला लागणार."

"अहो, ती जरा... तिला बिचारीला त्या क्लासचं..." नवरा पुटपुटला.

केबलवाल्याने राउटरसाठी हात पुढे केला. मी दिला नाही. टॅबवर डोंगरांचं चित्र उघडलं आणि ते त्याच्या नाकासमोर धरलं. एकोणीस डोंगर, आकडा अकरा. त्याने वाकून बघितलं आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो हसला.

"हां, हे होय! हे मीच ठेवलेलं आहे." सांगत मात्र होता नवऱ्यालाच. "काका, पहिली लाइन टाकली ना मी, तेव्हा आमचे बाबा बोललेले, अकरावर ठेव, शुभ असतं. कुंकू लावून, अकरा ठेवून चालू केली. तेव्हापासून बघा धंदा कसा वाढला. एकाही घरात मी बदललेलं नाय. माझ्या स्वतःच्या घरीपण अकराच आहे."

नवऱ्याने मान डोलावली. डोलावणारच. अकरा मोदक, अकरा आवर्तनं, अकरा प्रदक्षिणा, त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मी त्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. तीन महिने मी सात वाजता त्या टॅबसमोर तोंड वासून बसत होते, माझी जीभच नालायक म्हणून स्वतःला बोल लावत होते, आणि कारण काय, तर सगळ्या बिल्डिंगचं भलं व्हावं म्हणून तिला एका शुभ खोलीत कोंडलं होतं! मला हसू आलं आणि त्याच वेळी संतापही आला.

"काका, तुम्ही काकूंना समजवा," केबलवाला पुढे म्हणाला. "चॅनेल-बिनेल त्यांना काय कळणार? त्यांना सांगा, जसं आहे तसं राहू दे. हात नका लावू."

आणि नवरा माझ्याकडे वळला. तोच तो हळू, मोठा, एकेक शब्द सुटा करणारा आवाज त्याने लावला. "अगं, ते म्हणतायत की..."

दोन हातांच्या अंतरावर बसले होते मी. त्या माणसाच्या अंगाला येणारा पेट्रोलचा वास मला येत होता. आणि त्याचं मराठी मला मराठीतच समजावून सांगितलं जात होतं.

मी हात वर केला. नवरा थांबला. मी केबलवाल्याकडे बघितलं. ओठ मिटले. ते मिटलेले काही क्षण तसेच राहिले, मग सुटले.

"म... ला," मी म्हटलं. श्वास घेतला. जीभ दातांमागे टेकवली. "सांग."

हे शब्द माझ्या नऊमधले नव्हते. ठाण्याच्या मुलीने ते घोटून घेतले नव्हते, ते आरतीसारखे पाठही नव्हते. माझं वाक्य होतं, आतून निघालेलं आणि पूर्ण. मी ते परत म्हटलं, कारण मला म्हणायचं होतं. या वेळी जरा लवकर आलं. "मला सांग."

केबलवाला गोंधळला. आता काय करायचं, असं त्याने सवयीने नवऱ्याकडे बघितलं.

नवऱ्याचे डोळे भरले होते. आयुष्यात कोणाला उलट न बोललेला माझा नवरा त्याला म्हणाला, "माझ्याकडे काय बघताय? तिला सांगा ना."

मग तो माणूस माझ्या खुर्चीसमोर उकिडवा बसला. पहिल्यांदा त्याची आणि माझी नजर एका पातळीत आली. "काकू," तो म्हणाला, "तुमचं वेगळं ठेवलं तर मला तुम्हाला लिस्टमधून काढायला लागेल. मग माझ्याकडून आपोआप काय येणार नाय. बिघडलं तर तुमचं तुम्ही बघायचं. चालेल?"

मी मान हलवली आणि राउटर त्याच्या हातात दिला. वही पुढे केली. जोडणीचं नाव आणि खूण त्याने माझ्या वहीत लिहून दिली, मी अक्षर न् अक्षर तपासलं. त्याने वायर लावली, मोबाइलवर पान उघडलं, बेसिक सोडून ॲडव्हान्स्डवर गेला. लाल दिवा हिरवा झाला. सातला दहा मिनिटं कमी होती. चॅनेलच्या यादीवर बोट ठेवून तो थांबला आणि त्याने मान वर केली.

"किती ठेवू, काकू?"

दिवाळीपासून कोणी मला प्रश्न विचारून माझ्या तोंडच्या उत्तरासाठी थांबलं नव्हतं. तो थांबला. नवराही थांबला, त्याने माझ्यासाठी तोंड उघडलं नाही. मला वेळ लागला. मी तो घेतला.

"एक," मी म्हटलं.

त्याने एक ठेवला.